कॅथरिनचे चाक आणि आपले पोस्टर

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर आमच्या गटाची बैठक बेसाला एका मैत्रिणीच्या घरी भरली. बेसा म्हणजे नागपूरच्या दक्षिणेचे गाव. शेतांचे लेआउट पडले, लेआउटवर फ्लॅटच्या स्कीमा उभ्या राहिल्या, आणि आता गाव कुठे संपते नि शहर कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. बैठकीचा विषय दरवर्षीचाच होता : २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा हिंसाविरोधी पंधरवडा. पत्रक कोण लिहिणार, पथनाट्य कुठल्या चौकात करायचे, पोलीस परवानगीला कोण जाणार, आणि पोस्टर कोणते लावायचे.

पोस्टर तयारच होते. कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने ते मेहनतीने केले होते. काळी पार्श्वभूमी. कोपऱ्यात गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेली मुलगी. तिच्यावर पडलेली एका भल्यामोठ्या हाताची सावली. वर लाल अक्षरांत ‘अत्याचार थांबवा’. सगळ्याजणी छान म्हणाल्या. मीही म्हणाले. बेसाच्या फ्लॅटांमध्ये पोळ्या करणाऱ्या आमच्या एक मावशी आहेत. त्या बैठकीत फारसे बोलत नाहीत. त्यांनी पोस्टर हातात घेतले, दूर धरून पाहिले आणि विचारले, “हे पोरगी तोंड लपवून काहून बसली? हिनं कोनाचं चोरलं काय?”

आधी आम्ही हसलो. मग कुणालाच हसू येईना.

घरी आल्यावर पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. इतक्या वर्षांची पोस्टरे त्यात गुंडाळून ठेवलेली आहेत. एकेक उलगडून जमिनीवर पसरली. स्टोव्हच्या ज्वाळेत किंकाळी फोडणारा चेहरा. विस्कटलेले केस. गालावर टपोरा थेंब. बांधलेले हात. आणि मधूनमधून तीच ती गुडघ्यांत तोंड घातलेली, भिंतीला टेकलेली, पाठमोरी. मारणारा बहुतेक ठिकाणी नुसती सावली. ही चित्रे कुणा सिनेमावाल्याने किंवा जाहिरात कंपनीने काढलेली नव्हती. आपणच काढली होती, आपल्याच वर्गणीतून छापली होती.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक पोस्टकार्ड चिकटवलेले आहे. मैत्रिणीच्या मुलीने ते लंडनच्या नॅशनल गॅलरीतून आणून दिले होते. पुढच्या बैठकीला ते काढून मी बेसाला नेले. त्यावरून जे बोलणे झाले, वाद झाले, त्यातून हा लेख लिहिते आहे.

कार्डावर एका तैलचित्राची छपाई आहे. मूळ चित्र फार मोठे नाही, जेमतेम सव्वादोन फूट लांबरुंद. साधारण १६१५ ते १६१७ या काळात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्तेमिझिया जेन्तिलेस्की या स्त्रीने ते काढले. चित्राचे नाव ‘अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनच्या रूपातील स्वतःचे चित्र’. म्हणजे संत कॅथरिनची, पण चेहरा चित्रकर्तीचा स्वतःचा. मागे काळोख. एका बाजूने आलेल्या उजेडात अंगाने भरलेली एक तरुण बाई कमरेपर्यंत दिसते. डोक्याला कापड गुंडाळलेले, त्यावर मुकुट, त्यामागे बारीक प्रभावळ. एका हाताच्या चिमटीत ताडाची झावळी धरलेली आहे. ख्रिस्ती चित्रांत ही हुतात्म्याची खूण. दुसरा हात एका मोडलेल्या लाकडी चाकावर टेकलेला आहे. चाकाला लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. आणि ही बाई सरळ आपल्याकडे पाहते आहे. रडत नाही, रागावलेली नाही, आकाशाकडेही पाहत नाही.

मावशींनी कार्ड पाहिले. चाक कशाचे ते मी सांगितले. त्या म्हणाल्या, “जात्यावर हात ठेवावा तसा ठेवला हिनं.” कलेच्या पुस्तकांत या चित्रावर बरेच काही लिहिलेले आहे. मला या वाक्याइतके नेमके काही वाटले नाही.

आता गोष्ट. कॅथरिन ही अलेक्झांड्रियाची राजघराण्यातली विद्वान मुलगी. काळ चौथ्या शतकाचा आरंभ. रोमन सम्राट ख्रिस्ती लोकांचा छळ करीत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वाद घालू लागली. त्याने पन्नास पंडित बोलावले. पन्नासही हरले आणि तिच्या बाजूचे झाले. सम्राटाने त्या पंडितांना जाळले, आणि कॅथरिनला खिळ्यांच्या चाकावर चढवून मारण्याचा हुकूम दिला. तिचा स्पर्श होताच चाक मोडून पडले. मग तलवारीने तिचे मस्तक उडवण्यात आले. ही दंतकथाच. अशी बाई खरोखर होऊन गेली का याविषयी इतिहासकारांना शंका आहे. खुद्द रोमच्या चर्चने १९६९ साली आपल्या सार्वत्रिक पंचांगातून तिचा दिवस काढला होता. २००२ साली तो पुन्हा घातला.

पण दंतकथा कोण सांगते, कशासाठी सांगते, हे पाहिलेच पाहिजे. आपल्याला तर ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. जनकाच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्या गार्गीला याज्ञवल्क्याने बजावले होते की याच्यापुढे विचारशील तर मस्तक गळून पडेल. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने धर्म बदलला तेव्हा डोक्यावर घेणाऱ्यांनीच त्यांना झिडकारले. बाईने शिकावे, आमच्या कौतुकापुरते शिकावे. पन्नास जणांना हरवायला निघाली की चाक तयार असते.

ज्या काळातले हे चित्र, त्या काळाला कलेच्या इतिहासात बरोक म्हणतात. युरोपात ख्रिस्ती धर्म दुभंगला होता. प्रॉटेस्टंट पंथ चित्रे-मूर्ती नको म्हणत होता. रोमच्या चर्चने ट्रेन्टच्या धर्मपरिषदेत १५६३ साली ठरवले की चित्रे हवीत, त्यांतून लोकांना शिकवायचे आहे. त्यानंतरच्या चित्रकारांनी काळोख आणि उजेडाचा झगडा रंगवला, संतांना अगदी आपल्या पुढ्यात आणून बसवले, आणि त्यांच्या जखमा ठसठशीत दाखवल्या. संत अगाथाचे स्तन कापले होते, म्हणून ती हातात तबक घेते आणि तबकात तिचे स्तन असतात. संत लुसीच्या तबकात तिचे डोळे. संत अपोलोनियाच्या चिमट्यात तिचा उपटलेला दात. बाई ओळखायची कशावरून, तर तिच्या शरीराचा कोणता तुकडा तोडला यावरून.

कॅथरिनची ओळख मात्र तिची जखम नाही. तिची ओळख चाक आहे, ज्याने तिला मारायचे होते ते हत्यार. आणि तेही मोडलेले. आर्तेमिझियाने तिच्या अंगावर रक्ताचा एक थेंब काढलेला नाही. तिला काय भोगावे लागले ते लपवलेलेही नाही. सगळे पुराव्यासारखे समोर ठेवले आहे, आणि त्यावर हात ठेवून ती आपल्याकडे पाहते आहे.

आर्तेमिझियाची हकीगत आपल्यापैकी काहीजणींना ठाऊक असेल. तिचा जन्म रोममध्ये १५९३ साली झाला. आई लहानपणीच गेली. वडील चित्रकार, त्यांच्याच हाताखाली ती शिकली. १६११ साली वडिलांच्या ओळखीतल्या आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. लग्नाच्या थापा देऊन त्याने तिला गप्प ठेवले. १६१२ साली वडिलांनी फिर्याद केली. खटला कित्येक महिने चालला. कोर्टाच्या हुकमाने सुइणींनी तिची तपासणी केली. ती खरे बोलते आहे की नाही हे ठरवायला तिच्या बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून आवळण्यात आल्या. चित्रकर्तीची बोटे. आरोपी समोर उभा असताना ती पुनःपुन्हा खरे आहे, खरे आहे, एवढेच सांगत राहिली. नोव्हेंबर १६१२ मध्ये तास्सी दोषी ठरला. त्याला रोममधून हद्दपार करण्याची शिक्षा झाली, पण ती धड अमलात आली नाही. आर्तेमिझियाचे लगेच लग्न लावून दिले गेले आणि ती फ्लॉरेन्सला गेली.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. तिचे कोणतेही चित्र समोर आले की लोक म्हणतात, बलात्कार झाला ना, म्हणून असे काढले. ज्युडिथ नावाची विधवा शत्रूच्या सेनापतीचा गळा चिरते हा बायबलातला प्रसंग तिने रंगवला. त्याला लोक सरळ सूड म्हणून मोकळे होतात. असे म्हणताना आपण काय करतो? तिच्या चाळीसेक वर्षांच्या कामाला एका गुन्हेगाराच्या नावाने ओळखू लागतो. ती पोटासाठी चित्रे काढणारी व्यावसायिक बाई होती. कॅथरिनसारख्या संतांच्या चित्रांना फ्लॉरेन्समध्ये मागणी होती. मॉडेलला पैसे द्यावे लागतात, आरशातला चेहरा फुकट असतो. १६१६ साली फ्लॉरेन्सच्या कला अकादमीने तिला सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिली बाई. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खटल्यात तिने सांगितले होते की मला लिहिता येत नाही, वाचताही थोडेसेच येते. लिहायला ती फ्लॉरेन्समध्ये शिकली. म्हणजे पन्नास पंडितांना हरवणाऱ्या कॅथरिनला तिने आपला चेहरा दिला तेव्हा ती नुकती अक्षर गिरवू लागली होती. आपल्या साक्षरता वर्गांत बसलेल्या बायांना हे सांगून पाहा. बलात्काराच्या गोष्टीपेक्षा त्यांना हे अधिक जवळचे वाटेल.

आता कॅथरिनचा दिवस. तो आहे २५ नोव्हेंबर.

ही तारीख आपण वेगळ्या कारणाने पाळतो. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या विरोधात लढणाऱ्या पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल बहिणींचा २५ नोव्हेंबर १९६० रोजी खून झाला. १९८१ साली बोगोटा येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी हा दिवस हिंसाविरोधी दिवस म्हणून ठरवला. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांनी तो मान्य केला. कॅथरिनचा आणि त्यांचा दिवस एक आला हा योगायोगच.

पण याच तारखेचा आणखी एक इतिहास आपल्या शेजारी, गोव्यात आहे. २५ नोव्हेंबर १५१० या दिवशी आफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशहाकडून गोवा जिंकले. शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. हाती लागलेल्या बायका पोर्तुगीज शिपायांशी लग्ने लावून त्यांच्या पदरात टाकल्या गेल्या. अल्बुकर्कने या लग्नांना स्वतः उत्तेजन दिले, कारण त्याला तिथे कायमची वस्ती करायची होती. त्या बायकांना कुणी विचारले असेल असे कोणाला वाटते? आणि विजयाचा दिवस कॅथरिनचा म्हणून कॅथरिन गोव्याची संत झाली. जुन्या गोव्यात तिचे चॅपेल बांधले गेले. तिथले मोठे सी कॅथेड्रल तिच्याच नावाने आहे. १५६२ साली त्याचे काम सुरू झाले आणि मुख्य इमारत १६१९ साली पुरी झाली. आर्तेमिझिया फ्लॉरेन्समध्ये चाकावर हात ठेवलेली कॅथरिन रंगवीत होती, तेव्हा इकडे मांडवीच्या काठी कॅथरिनचे हे कॅथेड्रल पुरे होत आले होते. आत गेल्यावर समोरच प्रचंड सोनेरी वेदी दिसते. लाकडात कोरून सोन्याने मढवलेल्या तिच्या चौकटींत कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. पर्यटक फोटो काढतात. पुढे पोर्तुगीज भारताच्या मानचिन्हातही तिचे चाक होते.

म्हणजे बघा. राजाशी वाद घालणारी, राजाने मारलेली बाई. तिचे चाक राजानेच आपल्या ढालीवर लावले. बायका वाटून घेण्याचा दिवस तिच्या नावाने साजरा झाला. चित्राचा अर्थ चित्रातच ठरत नाही. ते कोणाच्या हातात आहे, कुठे टांगले आहे, कोणाला दाखवले जाते, यावर तो ठरतो. गोव्याच्या वेदीवरची कॅथरिन आणि आर्तेमिझियाची कॅथरिन एकाच दंतकथेतून आल्या, पण त्या वेगवेगळ्या माणसांच्या बाजूने उभ्या आहेत.

आर्तेमिझियाचे ते चित्र कित्येक वर्षे खासगी मालकीत होते. २०१८ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते ३६ लाख पौंडांना विकत घेतले. इतक्या पैशाचे चित्र काचेमागे बंद व्हायचे. पण २०१९ साली गॅलरीने ते गावोगाव फिरवले. ग्लासगोच्या स्त्रियांच्या ग्रंथालयात, डॉक्टरांच्या एका दवाखान्यात, न्यूकॅसलच्या मुलींच्या शाळेत आणि बायकांच्या एका तुरुंगात. ही बातमी मी वाचली तेव्हा वाटले, आता ते खरे कुठे टांगायचे ते कोणाला तरी कळले. साक्ष देताना बोटे आवळली गेलेली बाई तुरुंगातल्या बायांकडे पाहते आहे.

हे सगळे ऐकून बैठकीत एकीने विचारले, “हे ठीक आहे ताई, पण बेसाच्या चौकात या गोऱ्या संतीणबाईचे काय काम?”

प्रश्न रास्त होता. म्हणून आपल्या विदर्भाकडे वळते.

२६ मार्च १९७२. देसाईगंजचे पोलीस ठाणे. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, आता गडचिरोलीत. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी ठाण्यातच बलात्कार केला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. कारण काय दिले? तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून तिची संमती होती. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. आपल्यापैकी कित्येक गटांचा जन्मच त्या लाटेतला. १९८३ साली कायदा बदलला. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत एवढ्यावरून संमती धरता येणार नाही, हे स्पष्ट शब्दांत कायद्यात यायला २०१३ साल उजाडले. आज भारतीय न्याय संहितेतही ते आहे.

मथुरेला न्यायालय काय म्हणाले? जखम दाखव. ठाणे कोणाचे होते, दार कोणी लावले होते, दिवे कोणी मालवले होते, रात्रीच्या वेळी पोलिसासमोर आदिवासी मुलीचे ‘नाही’ किती चालते, म्हणजेच चाक कोणते होते, हे पाहण्याची गरज सर्वोच्च न्यायालयाला वाटली नाही. आणि जखम शोधण्याच्या नावाखाली चालणारी ती दोन बोटांची तपासणी? आर्तेमिझियाच्या सुइणी १६१२ सालच्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी बाईच्या हक्कांचा भंग आहे असे २०१३ साली सांगितले, आणि २०२२ साली पुन्हा खडसावून सांगावे लागले. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्काराच्या वैद्यकीय तपासण्या किती वाईट रीतीने होतात यावर अहवाल लिहिला, आणि २०१० साली हा प्रश्न जनहित याचिकेतून नागपूर खंडपीठापुढे गेला. म्हणजे हे चाक आपल्या घरापासून फार लांबचे नाही.

माझे हे बोलणे चालू असताना गटातली एक जुनी आंबेडकरी कार्यकर्ती उठली. ती म्हणाली, “जखमा दाखवू नका हे तुम्हाला सोपे आहे. खैरलांजीचे फोटो हातोहात फिरले नसते तर भंडाऱ्याच्या बाहेर कोणी ऐकले असते का?”

तिचे म्हणणे खरे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांना गावाने मारले. काही आठवडे बातमी दाबलेलीच होती. देहांचे फोटो वस्त्यावस्त्यांत पोचले तेव्हा लोक पेटून उठले, नागपुरातही रस्त्यावर आले. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही त्याला जखम उघडी करावी लागते. हे मी नाकारत नाही.

पण मी तिला विचारले, पुढे काय झाले ते सांग. जखमा तर सगळ्यांनी पाहिल्या. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली खून झाल्याचे मानले, शिक्षाही दिल्या. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानेही लावला नाही. म्हणजे जखमा दिसल्या, चाक दिसले नाही. जात दिसली नाही. मथुरेच्या वेळी जखम नव्हती म्हणून गुन्हा नाही. खैरलांजीत जखमाच जखमा होत्या, तरी गुन्ह्याचे खरे नाव घेतले गेले नाही. आणि आणखी एक बोचणारी गोष्ट. उघडे देह फिरतात ते कोणाचे? दलितांचे, आदिवासींचे. वरच्या जातीच्या, सुखवस्तू घरातल्या मुलीचे असे फोटो फिरवायला कोणी धजत नाही.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग दोन्ही दाखवा. नुसती जखम दाखवू नका.” मला वाटते, आमच्या बैठकीत ठरले ते एवढेच, आणि ते तिने ठरवले.

आणखी एक शंका निघाली. पीडित बाईची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, मग तोंड झाकलेलेच बरे नाही का? बंदी हवीच. तिचे नाव, गाव, फोटो सांभाळणे आपले कर्तव्य आहे. पण नाव सांभाळणे वेगळे आणि चित्रातल्या कल्पनेतल्या बाईलाही खाली मान घालायला लावणे वेगळे. एक संरक्षण आहे, दुसरी शिकवण आहे. पोस्टर पाहणाऱ्या मुलीला ते सांगते की तुझ्यावर असे काही झाले तर तूही अशीच बस. आपण सावित्रीबाईंचे चित्र लावतो. त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, त्या सोबत दुसरे लुगडे नेत असत, हे आपण भाषणात सांगतो. पण चित्रात त्यांना चिखलाने माखलेल्या, रडत बसलेल्या दाखवीत नाही. कुणी तसे काढलेच तर आपल्याला राग येईल. मग आपल्या पोस्टरांतल्या बिननावाच्या बाईवर असा राग का येत नाही?

मैत्रिणींनो, माझे म्हणणे थोडक्यात असे. या वर्षी पोस्टर काढताना, पत्रक लिहिताना, पथनाट्य बसवताना एक प्रश्न विचारून बघा : यात चाक कुठे आहे? न लिहिलेली फिर्याद, ‘मिटवून घ्या’ म्हणणारी पंचमंडळी, बाईला ताटकळत ठेवणारा दवाखाना, तारखांवर तारखा, सातबारावर नसलेले तिचे नाव. हे काढता येते. ही काही धूसर सावली नाही. यांना टेबल आहे, खुर्ची आहे, रबरी शिक्का आहे. आणि बाई काढायची तर ती हात कुठे ठेवून उभी आहे, कोणाकडे पाहते आहे, याचा विचार करा. चेहरा कोणाचा द्यायचा हा प्रश्न पडला तर आर्तेमिझियाने केले ते करा. आपला स्वतःचा द्या.

आम्ही काय केले ते सांगते. कॉलेजातली ती मुलगी पहिल्यांदा खट्टू झाली होती. मग म्हणाली, मी नवे काढते, कोणीतरी समोर बसा. मावशी बसल्या. तिने विचारले, “मावशी, तुमचा हात कशावर ठेवू?” आम्हाला वाटले त्या पोळपाट म्हणतील, नाहीतर नवऱ्याची दारूची बाटली म्हणतील. त्या म्हणाल्या, “गेटवरच्या टेबलावर ठेव. रोज जातानी तिथं माही पिशवी उघडून पायतात. सगळ्यायच्या समोर.”

खोलीत शांतता पसरली. फ्लॅटच्या स्कीमांमध्ये कामाला येणाऱ्या बायांच्या पिशव्या गेटवर तपासतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होते. आमच्यातल्या चौघी अशाच स्कीमांत राहतात. सोसायटीच्या सभेत त्या ठरावाला आमच्यातल्या एकीनेही हात वर केला होता. तिनेच ते तिथे कबूल केले. दुसरी म्हणाली की हा काही हिंसेचा विषय नाही, पंधरवड्यात तो कशाला आणायचा. त्यावर आम्ही दोन तास भांडलो. चहा दोनदा झाला. त्या दिवशी निर्णय झाला नाही.

शेवटी पोस्टर झाले. मावशी उभ्या आहेत, समोर पाहत आहेत, हात टेबलावर आहे, टेबलावर रजिस्टर आणि उघडी पिशवी आहे, पिशवीत डबा आणि छत्री. २५ नोव्हेंबरला ते आम्ही बेसाच्या चौकात लावले. कामावरून परतणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. एकीने मावशींना ओळखले आणि मोठ्याने हाक मारली. त्यानंतरच्या महिन्यात एका सोसायटीने पिशव्या तपासणे बंद केले, बाकीच्यांनी नाही. ज्या घरातल्या बाईने मावशींना ‘हे शोभते का’ म्हणून विचारले, ते काम मावशींनी सोडले. दुसरे मिळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांचा हिशेब आमच्या गटाने वर्गणीतून भरला. सगळा भरला गेला नाही, हेही इथे लिहून ठेवते.

जुनी पोस्टरे मी फेकली नाहीत. पेटीतच आहेत. तुमच्याकडेही असतील. या वर्षीच्या बैठकीला ती घेऊन बसा, आणि तुमच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईच्या हातात आधी द्या. ती काय म्हणते ते आम्हाला जरूर कळवा.